अपडेटनंतर लॅपटॉप उघडेना? ‘फॉरमॅट मारा’ म्हणायच्या आधी हे वाचा

जानेवारीतल्या एका गुरुवारी रात्री धाकट्या बहिणीनं आतल्या खोलीतून हाक मारली. “दादा, हे काय आलंय बघ ना.” काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांच्या दहा-पंधरा ओळी होत्या. त्यातली एक होती, ‘कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग, अनेबल टू माउंट रूट एफएस’. बंद करून चालू केला, तेच. परत केला, परत तेच. शनिवारी तिला शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट रिपोर्ट जमा करायचा होता. रिपोर्ट त्या लॅपटॉपमध्ये होता आणि दुसरी कॉपी कुठेच नव्हती. हो, ‘ड्राइव्हवर टाकून ठेव’ असं मी तिला दहा वेळा सांगितलं होतं. पण त्या रात्री ते बोलून दाखवण्यात अर्थ नव्हता, कारण लॅपटॉप बिघडण्यात अर्धा हात माझाच होता.

शुक्रवारी सकाळी मी कामावर गेलो आणि तिला धीर धरवेना. ती लॅपटॉप घेऊन मुकुंदवाडी स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका दुकानात गेली. दुकानदारानं दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, “लिनक्स आहे का ताई? मग हे असंच होणार. फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो. डेटा गेला समजा.” तिनं ‘हो’ म्हणायच्या आधी मला फोन केला, म्हणून बरं. कारण डेटा कुठेही गेला नव्हता. तो फॉरमॅट मारल्यावर गेला असता.

दुकानदाराला मी दोष देत नाही. फॉरमॅटचे पैसे ठरलेले असतात आणि काम ठरलेल्या वेळात होतं. बिघाड शोधायला बसलं तर दीड तास जातो आणि त्याचे पैसे द्यायला कुणी तयार नसतं. पण हा प्रश्न आता फक्त आमच्या घरचा राहिलेला नाही, म्हणून हा लेख.

हे आत्ताच का वाढलंय?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक प्रोसेसरवर चालत नाही. म्हणजे २०१५-१६ चा, अजून ठणठणीत असलेला लॅपटॉप एका तारखेनंतर ‘जुना’ झाला. घरच्या घरी दोनच पर्याय उरले. एक वर्षाच्या जादा सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवायचं, नाहीतर लिनक्स टाकायचं. मी दिवाळीच्या सुट्टीत बहिणीच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं. माझ्या ओळखीतल्या चार-पाच जणांनी तेच केलं. युट्यूबवर इन्स्टॉलचे व्हिडिओ भरपूर आहेत, सगळे वीस मिनिटांत संपतात आणि शेवटी सुंदर डेस्कटॉप दिसतो. तीन महिन्यांनी अपडेट फसलं तर काय करायचं, हे त्यात कुणीच सांगत नाही.

आणि आपण सगळे मोबाइलवर वाढलेली माणसं. अपडेट आलं की ‘इन्स्टॉल नाऊ’ दाबायचं आणि झोपायचं, एवढंच आपल्याला माहीत. ही सवय फोनवर चालते, कारण फोनमध्ये त्याची सोय केलेली असते. अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून, गुगलनं ‘ए/बी’ पद्धत आणली. सिस्टिमच्या दोन जागा असतात. तुम्ही ए वर चालू असता तेव्हा अपडेट गुपचूप बी वर लिहिलं जातं. रीस्टार्ट झाल्यावर फोन बी वरून उठायचा प्रयत्न करतो. उठला नाही तर बूटलोडर पुन्हा ए कडे वळतो आणि काही बिघडलं होतं हे तुम्हाला कळतही नाही.

आमच्या भागात पाण्याचं जसं, तसं हे. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून प्रत्येक घरात एक ड्रम भरलेला असतो आणि दुसरा वापरात असतो. २०१९ च्या दुष्काळात इथली पोरं पाणी आणायला मुकुंदवाडीहून रेल्वेनं औरंगाबाद स्टेशनला जायची, ती बातमी परदेशी माध्यमांतही आली होती. तेव्हापासून तर भरलेल्या ड्रमाला कुणी हात लावत नाही. साध्या लिनक्स लॅपटॉपमध्ये असा दुसरा ड्रम फार छोटा असतो. जुना कर्नल, बस. आणि मी तोच ओतून दिला होता.

फोनसुद्धा अमर नसतात, हेही सांगून टाकतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये सॅमसंगच्या स्मार्टथिंग्ज फ्रेमवर्कच्या एका अपडेटनंतर गॅलेक्सी एस१० आणि नोट १० मालिकेतले बरेच जुने फोन लोगोवरच अडकून फिरत राहिले. सॅमसंगनं ते मान्यही केलं. सॅमसंगच्या फोनमध्ये ए/बी पद्धत २०२४ च्या ए५५ पासून दिसायला लागली, त्यामुळे त्या जुन्या फोनना परतीचा रस्ता नव्हता. त्यात डेटा सगळा आतच अडकलेला. लॅपटॉपचं एक बरं असतं. तो उघडला नाही तरी त्याची डिस्क तुम्ही बाहेरून उघडू शकता.

नेमकं काय झालं होतं

लॅपटॉप चालू होताना एक साखळी असते. आधी मदरबोर्डवरचं फर्मवेअर जागं होतं, ज्याला आपण सवयीनं बायोस म्हणतो. ते ‘शिम’ नावाच्या छोट्या प्रोग्रॅमला बोलावतं, शिम ‘ग्रब’ला बोलावतो. ग्रब म्हणजे तो मेनू, जिथे कुठली सिस्टिम उघडायची ते निवडता येतं. ग्रब दोन फायली मेमरीत आणतो. एक कर्नल, म्हणजे लिनक्सचं काळीज. दुसरी इनिटरॅमएफएस, म्हणजे कर्नलला तुमची डिस्क वाचता यावी यासाठी लागणारी हत्यारांची पिशवी. ही पिशवी नसेल तर बऱ्याच लॅपटॉपवर कर्नल उठतो, डिस्क शोधतो, सापडत नाही आणि पॅनिक होतो.

बहिणीच्या लॅपटॉपवर तेच झालं. कुठलं लिनक्स ते नाव घेत नाही. ‘अ‍ॅप्ट’ वापरणाऱ्या घराण्यातलं आहे एवढं पुरे. अपडेटमध्ये नवा कर्नल आला. लॅपटॉपच्या वाय-फाय चिपसाठी मी बाहेरून एक ड्रायव्हर टाकला होता. असा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो, आणि ते काम डीकेएमएस नावाची यंत्रणा आपोआप करते. या वेळी त्या ड्रायव्हरचं पॅकेज नव्या कर्नलशी जुळत नव्हतं. बांधकाम फसलं आणि त्यामुळे कर्नलचं इन्स्टॉलेशन मध्येच थांबलं. पिशवी भरायची पायरी त्याच्या नंतरची होती. ती आलीच नाही.

इथपर्यंत चूक पॅकेजची. पुढची माझी. स्क्रीनवर लाल अक्षरांत एरर आली होती, ती मी वाचली नाही. डिस्क भरत आली होती म्हणून एका व्हिडिओत बघून जुना कर्नल काढून टाकला. सिस्टिमनं विचारलं होतं, ‘तुम्ही आत्ता हाच कर्नल वापरताय, काढणं रद्द करू का?’ प्रश्न असा उलटा असतो. ‘नो’ म्हटलं की काढून टाकतो. मी ‘नो’ म्हटलं. जुना कर्नल गेला, ग्रबनं आपला मेनू नव्यानं लिहिला आणि त्यात एकच नाव उरलं. अर्धवट बसलेल्या नव्या कर्नलचं.

स्क्रीन काय म्हणते ते आधी बघा

‘लॅपटॉप बंद पडला’ हे वाक्य निरुपयोगी आहे. साखळी कुठे तुटली हे महत्त्वाचं, आणि ते स्क्रीन सांगते. फोटो काढून ठेवा, घाबरून बटण दाबत बसू नका.

काळ्या स्क्रीनवर नुसतं ‘ग्रब’ किंवा ‘ग्रब रेस्क्यू’ असं लिहून कर्सर लुकलुकत असेल तर ग्रबला स्वतःच्या फायली सापडत नाहीयेत. कर्नल पॅनिक आणि ‘रूट एफएस’ असेल तर बहुतेक वेळा पिशवीचा घोळ, आमच्यासारखा. कंसात ‘इनिटरॅमएफएस’ लिहून प्रॉम्प्ट आला तर पिशवी आहे, पण डिस्क सापडत नाहीये किंवा फाइल सिस्टिमला दुरुस्ती हवी आहे. सगळं नीट चालू होऊन लॉगिनच्या जागी नुसता अंधार असेल तर सिस्टिम जिवंत आहे, बहुतेक ग्राफिक्स ड्रायव्हर रुसलाय. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून बघा, अक्षरांचं लॉगिन येईल. आणि ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ दिसलं तर सिक्युअर बूटचं प्रकरण. त्याच्याकडे पुढे येतो.

पहिला इलाज फुकटचा आहे. चालू होताना एस्केप दाबत राहा, जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट धरून ठेवा. ग्रबचा मेनू येईल. ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन आधीच्या नंबरचा कर्नल निवडा. नव्या कर्नलमुळे बंद पडलेले बरेच लॅपटॉप इथेच उठतात. आमचा उठला नाही, कारण वर सांगितलंय.

फोनवरून पेनड्राइव्ह

दुसरा इलाज म्हणजे पेनड्राइव्हवरचं लिनक्स, ज्याला लाइव्ह यूएसबी म्हणतात. इथे सगळे अडतात, कारण तो बनवायला दुसरा कॉम्प्युटर लागतो अशी समजूत आहे. लागत नाही. अँड्रॉइडवर एचड्रॉइड नावाचं एक मुक्त-स्रोत अ‍ॅप आहे. फोनवर लिनक्सची आयएसओ फाइल उतरवा, ओटीजी केबलनं पेनड्राइव्ह जोडा, अ‍ॅपमध्ये फाइल आणि पेनड्राइव्ह निवडा. फोन रूट करायची गरज नाही. लिनक्स मिंटची फाइल तीन जीबीच्या आसपास असते, उबुंटूची त्याच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक असेल तर मिंट बरं, आणि तेही कुणाच्या तरी वाय-फायवर. आठ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, पण त्यावरचं सगळं पुसलं जातं. लिहिणं चालू असताना केबल हलवू नका. मी एकदा हलवली, अर्धा तास वाया.

शुक्रवारी संध्याकाळी घरी आल्यावर मी हेच केलं. लॅपटॉप चालू करताना एफ१२ दाबून बूट मेनू काढला (काही कंपन्यांत एफ९ किंवा एस्केप असतं), पेनड्राइव्ह निवडला, आणि ‘इन्स्टॉल’ला हात न लावता नुसता डेस्कटॉप उघडला. फाइल मॅनेजरमध्ये डाव्या बाजूला लॅपटॉपची डिस्क दिसत होती. क्लिक केलं. होम फोल्डर, त्यात बहिणीचं नाव, त्यात ‘प्रोजेक्ट फायनल फायनल २’. आधी ते फोल्डर फोनवर कॉपी केलं. बहिणीनं फोन हातात घेऊन फाइल उघडून बघितली, आणि मग जेवायला बसली.

कितीही घाई असली तरी हा क्रम बदलू नका. आधी कॉपी, मग दुरुस्ती. डिस्कला एन्क्रिप्शन लावलं असेल तर क्लिक केल्यावर पासवर्ड मागेल. तो विसरला असाल तर मात्र कुणीही काही करू शकत नाही.

दुरुस्तीचं तत्त्व सोपं आहे. पेनड्राइव्हवरच्या निरोगी लिनक्सवर उभं राहायचं आणि तिथून आजारी लिनक्सच्या घरात शिरायचं. लॅपटॉपची मुख्य पार्टिशन एका फोल्डरवर माउंट करायची. ईएफआयची छोटी पार्टिशन तिच्या आत बूट-ईएफआय या जागी. मग चालू सिस्टिमचे डेव्ह, प्रोक, सिस आणि रन हे चार फोल्डर आत ‘बाइंड’ करायचे, आणि शेवटी ‘सीएच-रूट’ ही कमांड. एवढं झालं की टर्मिनलमध्ये तुम्ही जे टाइप कराल ते पेनड्राइव्हवर नाही, बिघडलेल्या लॅपटॉपवर लागू होतं. कुठली पार्टिशन कुठली हे ‘एलएसबीएलके’ दाखवते. आकार बघून ओळखा, अंदाजानं टाइप करू नका.

आत शिरल्यावर मी बूट फोल्डर बघितला. कर्नलची फाइल होती, इनिट-आरडीची नव्हती. निदान झालं. डीपीकेजीला ‘अर्धवट राहिलेलं सगळं पूर्ण कर’ असं सांगितलं, तर त्याच ड्रायव्हरवर पुन्हा अडकलं. मग त्या वाय-फाय ड्रायव्हरचं पॅकेजच काढून टाकलं आणि पुन्हा सांगितलं. या वेळी गाडी पुढे सरकली. पिशवी भरली गेली, ग्रबचा मेनू नव्यानं लिहिला गेला. बाहेर पडलो, पेनड्राइव्ह काढला, रीस्टार्ट. वाय-फाय नव्हतं, पण डेस्कटॉप आला. इंटरनेटसाठी फोन केबलनं जोडून यूएसबी टेथरिंग चालू केलं. लिनक्स ते लगेच ओळखतं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. हीच युक्ती पेनड्राइव्हवरून काम करतानाही चालते. एखादं पॅकेज नव्यानं उतरवायचं असेल तर ती लागतेच.

मोठ्यांचंही असंच होतं

‘लिनक्स आहे ना, मग हे होणारच’ या दुकानदाराच्या वाक्यात थोडं तथ्य आहे, पण लिनक्सपुरतं नाही. जुलै २०२० मध्ये ग्रबमधली ‘बूटहोल’ नावाची सुरक्षेची त्रुटी जाहीर झाली. रेड हॅटनं ती बुजवणारं अपडेट दिलं आणि त्यानंतर रेड हॅट आणि सेंटॉसची बरीच मशीन उठेनात. कंपनीला ‘सध्या हे अपडेट लावू नका’ असं सांगावं लागलं. बंद पडलेल्यांवर इलाज काय सांगितला? रेस्क्यू डिस्कवरून चालू करा, सीएच-रूट करा, शिम आणि ग्रबची जुनी पॅकेजं परत बसवा. बँकांच्या सर्व्हरवर चालणाऱ्या दर्जाच्या सिस्टिमचा उपाय आणि मुकुंदवाडीतल्या लॅपटॉपचा उपाय सारखाच.

१३ ऑगस्ट २०२४ चं प्रकरण जास्त विचित्र. विंडोजच्या मासिक अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टनं जुन्या, धोकादायक बूटलोडरची यादी फर्मवेअरमध्ये टाकली. विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या मशीनवर ती लागू होणार नव्हती, पण दोन्ही आहेत हे ओळखण्यातच काही मशीनवर चूक झाली. विंडोज अपडेट केलं आणि लिनक्स बंद पडलं. स्क्रीनवर ‘समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग’. तात्पुरता उपाय होता सिक्युअर बूट बंद करून लिनक्समध्ये शिरायचं आणि मोकयूटील कमांडनं ती यादी पुसायची. पक्का उपाय यायला मे २०२५ उजाडला. यात लिनक्सच्या पॅकेजची चूक काहीच नव्हती, तरी बदनाम तेच झालं.

आणि १९ जुलै २०२४ कुणी विसरलं नसेल. क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष फाइलनं मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशीन पाडली. आपल्याकडे विमान कंपन्यांना हातानं लिहून बोर्डिंग पास द्यावे लागले. तिथेही बऱ्याच मशीनवर डेटा गेलेला नव्हता. सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसायची होती. पण ती एकेका मशीनसमोर बसून पुसायची होती, म्हणून जग दिवसभर थांबलं.

या तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे. तिन्ही अपडेट सुरक्षेसाठीच होते. त्यामुळे ‘अपडेटच करू नका’ हा सल्ला मी देणार नाही. अपडेट बंद करणं म्हणजे चोराच्या भीतीनं दार उघडं ठेवण्यासारखं आहे.

जून २०२६

बूटच्या साखळीत आता आणखी एक बदल होतोय. सिक्युअर बूट ज्या प्रमाणपत्रांवर चालतं ती मायक्रोसॉफ्टची २०११ सालची प्रमाणपत्रं जून २०२६ पासून एकेक करून संपायला लागतात. लिनक्सच्या शिमवरही त्यातल्याच एकाची सही असते. त्या तारखेला तुमचा लॅपटॉप बंद पडणार नाही, त्या अफवेला बळी पडू नका. आधीपासून बसलेला शिम साधारणपणे चालत राहील, कारण फर्मवेअर सहसा मुदत तपासत नाही. पण पुढे येणाऱ्या शिमवर २०२३ च्या नव्या प्रमाणपत्राची सही असेल, आणि ते प्रमाणपत्र फर्मवेअरमध्ये नसेल तर फर्मवेअर त्याला आत घेणार नाही. जुन्या लॅपटॉपला बायोस अपडेट मिळणं केव्हाच थांबलेलं असतं, आणि विंडोज १० सोडून लिनक्सवर आलेले लॅपटॉप नेमके तेच आहेत. अडचण इथे येईल असं मला वाटतं. लिनक्सवर एफडब्ल्यूअपीडी नावाचं साधन ही प्रमाणपत्रं आणू शकतं. सॉफ्टवेअर सेंटरमध्ये फर्मवेअर किंवा ‘सिक्युअर बूट’ नावाचं अपडेट दिसलं तर टाळू नका. फक्त तेव्हा चार्जर लावलेला असू द्या. लॅपटॉपवर विंडोजही असेल तर आधी बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून काढून वहीत लिहा. फर्मवेअरला हात लागला की विंडोज ती मागू शकतं.

बहिणीच्या लॅपटॉपवर मी आता टाइमशिफ्ट बसवलंय. ते सिस्टिमची प्रत ठेवतं. घरच्या फायलींची ठेवत नाही, ती सोय वेगळी करावी लागते. ग्रबचा मेनू पाच सेकंद दिसेल असं करून ठेवलंय. एक जुना कर्नल कायम ठेवतो, डिस्क कितीही भरली तरी. कर्नलचं अपडेट आलं की परीक्षेच्या किंवा सबमिशनच्या आठवड्यात लावत नाही, आणि लावलं की शेवटच्या वीस ओळी वाचल्याशिवाय रीस्टार्ट करत नाही. वाय-फाय ड्रायव्हरची दुरुस्त आवृत्ती तीन आठवड्यांनी आली. तोवर ती फोन केबलला लावूनच बसायची.

रिपोर्ट शनिवारी गेला. तो पेनड्राइव्ह ती आता बॅगेत घेऊन फिरते.